चार डिग्री

भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 18 फेब्रुवारी 2006 रोजी जाहीर झाला, तो नवापूरचा. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर एक शोधनिबंध आला. नवापूरच्या कोंबड्यांमधला विषाणू इटली आणि इराणमधल्या हंसांत सापडलेल्या विषाणूशी मिळताजुळता आहे, असा त्याचा निष्कर्ष. सुरत-धुळे रस्त्यावर गाडी चहाला थांबते ते हे नवापूर, आणि शेजारी थेट इटलीचे हंस! माझ्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी राहिलं. त्या कोंबडीच्या घशात फिरवलेली काडी भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत नेली कुणी?

म्हणून मे महिन्यात चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, पशुसंवर्धन खात्याच्या पथकाबरोबर फिरलो. डॉक्टर होते, पर्यवेक्षक होते आणि आप्पा होते. कागदोपत्री व्रणोपचारक, तोंडी ‘ड्रेसर’, निवृत्तीला आलेले. साथ वगैरे काही नव्हती. साथ नसतानाही असे नमुने घेत राहावं लागतं, नाहीतर साथ आल्याचं कळतं ते कोंबड्या मेल्यावर. नवापूरला तेच झालं होतं. मर लागली तेव्हा आधी सगळ्यांनी राणीखेत धरली, म्हणजे गावच्या भाषेत मानमोडी. ती दरवर्षीचीच, कोण कशाला घाबरतंय?

आप्पांच्या मांडीशी नमुन्यांसाठी बर्फ भरलेला थर्मोकोलचा डबा होता. ‘चार डिग्री,’ ते मला म्हणाले, नमस्काराच्याही आधी. बाहेर चव्वेचाळीस होतं.

कोंबडी धरायची आप्पांची पद्धत बघण्यासारखी आहे. झडप नाही, धावपळ नाही. पंख अंगाशी मिटवून ती काखेत घेतात, तर्जनी दोन पायांच्या मध्ये. कोंबडी गप्प होते. मग डॉक्टर चोच उघडून श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वॅब फिरवतात, दुसरा मागच्या बाजूने आत घालतात. तो बाहेर आल्यावर त्याला विष्ठा लागलेली दिसली पाहिजे, कोरडा स्वॅब चालत नाही. पंखाखालची पिसं ओली करून बाजूला सारली की निळी शीर दिसते, तिच्यातून थोडं रक्त. कुपीवर नंबर, कुपी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बंद. ओल्या पिसांचा आणि सॅनिटायझरचा मिळून जो वास येतो, तो संध्याकाळी जेवतानाही माझ्या हाताला होता.

आप्पा झाकण उघडू देत नाहीत. मी आत डोकावायला गेलो, तर ‘साहेब, चार डिग्री’ म्हणून हात मध्ये घातला. बर्फ वितळून डबा तापला की विषाणू मरायला लागतो, आणि मेलेला विषाणू अंड्यात वाढत नाही. प्रयोगशाळेत नमुना 9 ते 11 दिवसांच्या, गर्भ धरलेल्या अंड्यात टोचतात. विषाणू असला तर तो तिथे वाढतो, बऱ्याचदा आतला जीव मरतो. पीसीआरने काही तासांत उत्तर मिळतं हे खरं, पण जिवंत विषाणू हातात हवा असेल तर अंडं लागतं. कोंबडीचा रोग शोधायला पुन्हा कोंबडीचंच अंडं.

नेहमीचे नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. संशय आला की भोपाळ. 2006च्या मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात हातेड, मारूळ, साळवा, जामनेर इथे विषाणू निघाला. नवापूरला शेडमध्ये हजारोंनी पक्षी होते. इथे दारापुढे चार-सहा गावरान कोंबड्या. त्या दिवसांत असाच एक डबा घेऊन आप्पा रात्रीच्या गाडीने भोपाळला गेले. भुसावळ, खंडवा, इटारसी. डबा दोन्ही पायांत, झोप नाही. शेजारच्या प्रवाशाने ‘मिठाई का?’ विचारलं, तर ‘औषध आहे’ म्हणाले. भोपाळच्या त्या प्रयोगशाळेत आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे हवा आत जाते, बाहेर येत नाही. माणूस आंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांनी यातलं काही पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिलं ते गेट. कागदावर सही झाली, डबा आत गेला. ‘डबा परत देत नाहीत,’ एवढी एक तक्रार त्यांनी केली.

त्या वर्षी भारतात एकाही माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही. कोंबड्या मारणाऱ्या मजुरांना टॅमीफ्लूच्या गोळ्या दिल्या होत्या. 2021च्या फेब्रुवारीत नवापूरला रोग पुन्हा आला, पुन्हा शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. दाबाच्या खोल्या, जनुकांचे आलेख यांबद्दल आपण कौतुकाने वाचतो, वाचावंच. पण बर्फ वितळला तर त्या खोलीत वाढवायला जिवंत विषाणू उरेलच असं नाही, आणि बर्फ सांभाळणाऱ्या माणसाला खात्याने साधी टिकाऊ शीतपेटी दिलेली नसते, हे मला काही केल्या पटत नाही.

दुपारी एका वस्तीवर पोचलो. दारात म्हातारी, अंगणात कोंबड्या. तिने आधी विचारलं, मारायला आलात का? हा प्रश्न या भागात साधा नाही. सरकार मारतं त्या पक्ष्याची भरपाई मिळते, आधीच मेला त्याची नाही. त्यामुळे चार मेल्या तर कळवून उरलेल्याही घालवायच्या, की गुपचूप पुरून गप्प बसायचं, हा हिशेब घरोघरी होतो. मला तो हिशेब चुकीचा म्हणवत नाही. ‘नाही माय, नुसतं तपासतो,’ आप्पा म्हणाले. रिपोर्ट कधी येईल, तिने विचारलं. वाईट असेल तरच आम्ही येतो, डॉक्टर म्हणाले. ‘मग येऊच नका,’ ती म्हणाली आणि हसली.

चार कोंबड्या झाल्या. पाचवी कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवर बसली होती. आप्पा वाकले तशी म्हातारी मध्ये आली.

‘तिले हात नका लावू, भाऊ. ती खुडूक शे.’

आप्पांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी फॉर्मवर पक्षी पाच, नमुने चार असं लिहिलं. आप्पांनी डब्याच्या झाकणावरची चिकटपट्टी पुन्हा दाबली आणि बर्फाचा कारखाना सहाला बंद होतो म्हणून ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.