लक्ष्मी रोडचा गुलाल, सिंहगडाच्या आभाळात

व्ह्यूफाइंडरमध्ये काळा ठिपका दिसला की अनेकांना वाटतं, सेन्सर गेला. डीएसएलआरमध्ये डोळ्याला दिसणारं चित्र आरशावरून वर फोकसिंग स्क्रीनवर आणि तिथून प्रिझममधून येतं. बटण दाबताच आरसा उचलला जातो, प्रकाश थेट मागच्या सेन्सरवर पडतो. म्हणजे तो ठिपका बहुधा स्क्रीनवर बसलेला. फोटोत यायचा नाही. त्याला काढायला जाणं मात्र महागात पडतं. स्क्रीन प्लास्टिकची, आणि या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. रुमालाने पुसलात तर ओरखडा कायमचा.

फोटोत उमटते ती धूळ वेगळी. ती व्ह्यूफाइंडरमधून दिसतच नाही. फिल्मच्या दिवसांत दर फ्रेमला नवी फिल्म पुढे सरकायची आणि तिच्यावरचा कण तिच्याबरोबर निघून जायचा. सेन्सर हलत नाही, म्हणून डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी.

‘सिंहगडावर फोटोत डाग आले, म्हणजे धूळ तिथलीच’ हा तर खास पुणेरी गैरसमज. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर रात्री आपण एफ/२.८ वर फोटो काढतो आणि गुलालात लेन्सही बदलतो. कण शिरतो, पण दिसत नाही. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर नसते, त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर असते. ॲपर्चर मोठं असलं की प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. पुढच्या रविवारी गडावरून खडकवासल्याचं पाणी आणि वरचं मोकळं आभाळ एफ/१६ वर टिपलं, की तीच सावली ठसठशीत उमटते. जेजुरीच्या भंडाऱ्याचाही हाच हिशेब. शंका असेल तर एफ/२२ वर, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा.

‘मी लेन्स काढतच नाही, मला काय भीती?’ झूम लेन्स पुढेमागे होताना हवा आत ओढते. शिवाय आतले भागही झिजतात. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर डाग येण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०१४ मध्ये कंपनीने शटर फुकट बदलून देण्याची सोय केली.

सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकायची सोय ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ मध्ये आणली. पुढे ती बहुतेकांनी घेतली. तिच्याने कोरडी धूळ गळते. तेलकट, चिकटलेला कण हलत नाही.

तोंडाने फुंकर मारणं तर सर्रास चालतं. तिच्यातून थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातल्या दाबाच्या हवेबरोबर द्रव बाहेर पडून काचेवर डाग पडू शकतो. रबरी ब्लोअर घ्या, बॅटरी पूर्ण भरा, मेन्यूतल्या क्लीनिंग मोडने आरसा वर करा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हवा मारा. ब्लोअरचं टोक आत घालू नका, कारण मध्येच बॅटरी संपली तर आरसा खाली येतो. एवढ्याने न निघणारा कण ओल्या स्वॅबने काढावा लागतो. हाताला सवय नसेल तर ते काम सर्व्हिस सेंटरकडे द्यावं. नेमका डाग कुठे आहे हे सांगताना मात्र लक्षात ठेवा: फोटोत वर डावीकडे असेल, तर समोरून पाहताना तो कण सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो.