गिधाडे उपाशी मेली नाहीत

पुण्यात कचऱ्याच्या ढिगावर घिरट्या घालणारे मोठे पक्षी दाखवून ‘अजून आहेत की गिधाडं’ असे कुणी म्हणाले, तर आधी शेपटी पाहावी. मधोमध खाच असेल तर ती घार. गिधाडाची शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद. शहरावर दिसतात त्या जवळपास सगळ्या घारीच. गिधाडासाठी जुन्नरकडचे कडे गाठावे लागतात. तिथे लांब चोचीची गिधाडे कपारींत घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ कातळावर दुरूनही दिसतात.

‘मेलेली गुरे उघड्यावर टाकणे कमी झाले, म्हणून गिधाडे उपासमारीने संपली’ हा समज सर्वांत पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. 1990च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) डॉ. विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली गिधाडे आढळू लागली. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्के घटली, लांब चोचीची सुमारे 97 टक्के. साथीचा रोग असेल, शेतातली कीटकनाशके असतील, असे तर्क झाले.

उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळाले. पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली. बहुतेकांची अंगकाठी चांगली होती, म्हणजे उपासमार नव्हती. मूत्रपिंडे मात्र निकामी झालेली आणि पोटातल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला. विषाणू, जड धातू, कीटकनाशके एकेक करून बाद झाली. मग गुरांना कोणती औषधे देतात याची चौकशी झाली आणि बोट डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाकडे वळले. युरिक आम्लाचा थर असलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत ते सापडले, इतरांत नाही. हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही तशीच दगावली. 2004 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आले. वन्यपक्ष्यांच्या संशोधनात इतका चिकाटीचा तपास क्वचितच झाला असेल.

‘एवढ्याशा औषधाने अख्खी जात कशी संपेल?’ हा प्रश्न रास्त आहे. पण एका मढ्यावर डझनावारी गिधाडे उतरतात. शेकडा एकाहून कमी मढ्यांत औषध असले, तरी झालेली घट घडण्यास ते पुरेसे होते, असे गणिताने दाखवले. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे जातात. झालेली तूट भरायची कशी?

‘बंदी आली, प्रश्न मिटला’ असेही नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. 2015 साली त्या बाटल्यांवर 3 मिलिलिटरची मर्यादा आली. तेवढ्यात पर्यायी औषधेही घातक निघाली. असेक्लोफेनॅकचे तर गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते. असेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांच्या जनावरांसाठीच्या वापरावर 2023 साली बंदी आली. सूज-तापावर चालणारी, गिधाडांना अपाय न करणारी मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल ही औषधे उपलब्ध आहेत. पशुवैद्याला नावानिशी विचारावीत.

गिधाडे रोगराई पसरवतात, हाही समज उलटा आहे. त्यांच्या जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. ती गेली आणि मढी भटक्या कुत्र्यांना मिळाली; कुत्री वाढली, तसा रेबीजचा धोकाही वाढला. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा अंदाज असा की, गिधाडे संपल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त दगावली.

हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. पण जंगलात सोडलेले गिधाड जंगलापुरते राहत नाही. म्हणून गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना साधारण 100 किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश धरतात. जुन्नरच्या कड्याभोवती तेवढे वर्तुळ काढले, तर त्यात संगमनेर येते, नाशिक येते आणि पुणे शहरातली जनावरांच्या औषधांची दुकानेही येतात.