चिंधीची झाली माई

बालमित्रांनो, चिंधी म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊकच आहे. फाटक्या लुगड्याचा तुकडा! बोट कापलं की आई ती पटकन बांधते, बाबा तिनं सायकल पुसतात, आणि काम झालं की ती फेकून देतात. आता एखाद्या मुलीचं नावच कुणी 'चिंधी' ठेवलं तर? ऐकायलाही कसंतरी वाटतं ना? पण अशी एक मुलगी आपल्या विदर्भात खरोखरच होऊन गेली. वर्धा जिल्ह्यातल्या पिंप्री मेघे या गावी १४ नोव्हेंबर १९४८ रोजी तिचा जन्म झाला. म्हणजे आपण शाळेत बालदिन साजरा करतो, नेमकी तीच तारीख. मुलगी नको होती, म्हणून हे नाव. हीच चिंधी पुढे सिंधुताई सपकाळ झाली आणि हजारावर पोरक्या मुलांची 'माई' झाली.

म्हशी पाण्यात, चिंधी वर्गात

चिंधीचे वडील अभिमान साठे गुरं राखायचे. पोरीनं शिकावं असं त्यांना फार वाटे. आईला मात्र शाळा म्हणजे रिकामा उद्योग वाटे. मग बापलेकीनं युक्ती काढली. चिंधी म्हशी चारायला म्हणून घरून निघायची. म्हशी पाण्यात डुंबत बसल्या की ही शाळेत! पाटी घ्यायला पैसे नव्हते. मग झाडाचं रुंद पान हीच पाटी, आणि काटा हीच पेन्सिल. अशी ती चौथी पास झाली.

पुढे? पुढे शाळा सुटली ती कायमची. दहा-बारा वर्षांची असतानाच तिचं लग्न लावून दिलं. त्या वेळी कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय होतं पंधरा. १९७८ पासून ते अठरा झालं. पण कायदा कागदावर राहतो आणि मुलगी बोहल्यावर चढते, असं तेव्हा सर्रास चालायचं.

सासरी वाचायची भूक काही गेली नाही. किराण्याच्या पुड्या बांधून आलेले कागद ती जपून ठेवायची आणि चोरून वाचायची. सापडली की मार बसायचा. दोस्तांनो, तुमच्या दप्तरात आज किती पुस्तकं आहेत, मोजा बरं एकदा!

घर गेलं, पण माणसं मिळाली

त्या गावात बाया जंगलातलं गुरांचं शेण गोळा करायच्या. शेणाच्या लिलावात पैसे मिळत, पण राबणाऱ्या बायांच्या हाती मजुरी पडत नसे. सिंधुताईंनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बायांना न्याय मिळाला, पण गावातल्या बड्या माणसाचा राग ओढवला. सिंधुताईंबद्दल खोटंनाटं पसरवलं गेलं. पोटात बाळ असताना नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं. १९७३ साली गाईच्या गोठ्यात त्यांनी मुलीला जन्म दिला. मदतीला कोणीच नव्हतं. नाळसुद्धा त्यांनी स्वतःच दगडानं तोडली. माहेरचंही दार बंद झालं.

ओल्या बाळंतिणीनं मग काय करावं? त्या रेल्वेत गाणी म्हणून भीक मागू लागल्या. रात्री भीती वाटे, म्हणून स्मशानात झोपत. चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी भाजून खाल्ल्याचंही त्या सांगत.

स्टेशनवर त्यांना एक गोष्ट दिसली. आपल्यासारखीच कितीतरी लेकरं तिथं एकटी फिरत होती. कोणी हरवलेलं, कोणी टाकून दिलेलं. मिळालेली भाकरी त्यांनी त्या मुलांमध्ये वाटली, आणि तिथूनच हे मोठं कुटुंब सुरू झालं.

अवघड निर्णय

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट सांगते. स्वतःची मुलगी ममता जवळ असली, तर आपला जीव तिच्याकडंच ओढ घेईल, दुसऱ्या लेकरांवर अन्याय होईल, असं सिंधुताईंना वाटलं. म्हणून त्यांनी ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवलं. तिथं ती वाढली, शिकली आणि मोठेपणी आईच्याच कामात आली. त्या आईनं बरोबर केलं का? लहानग्या ममताला काय वाटलं असेल? घरी सगळ्यांनी मिळून यावर जरूर बोला. माझ्या वर्गात या प्रश्नावर मुलांचे नेहमी दोन तट पडतात, आणि दोन्हीकडच्या मुलांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं.

पुढे मेळघाटात व्याघ्र प्रकल्पासाठी आदिवासींची गावं उठवायचा प्रश्न आला, तेव्हा सिंधुताई त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. चिखलदऱ्याला त्यांनी मुलींचं वसतिगृह काढलं. त्याला नाव दिलं सावित्रीबाई फुल्यांचं. सासवडजवळ कुंभारवळणला 'ममता बालसदन', हडपसरजवळ मांजरीला 'सन्मती बालनिकेतन', आणि वर्ध्याला गाईंसाठी गोरक्षण केंद्र. गोठ्यात आपल्याला गाईनंच सांभाळलं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

एवढ्या लेकरांचा खर्च कसा चाले? माई गावोगावी भाषणं करत आणि लोकांपुढे पदर पसरत. भाषण केलं तरच राशन, असं त्या हसत हसत सांगत. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू आणि तोंडी बहिणाबाईंच्या कविता, सुरेश भटांच्या गझला. चौथी शिकलेल्या या बाईपुढे मोठमोठी सभागृहं गप्प बसत. त्यांची मुलं वकील झाली, डॉक्टर झाली, संसाराला लागली. दोनशेवर जावई आणि हजारावर नातवंडं, असा माईंचा गोतावळा होता. आणि ज्या नवऱ्यानं हाकलून दिलं, तो म्हातारपणी दारी आला, तेव्हा आता तू माझं लेकरू म्हणून राहा, असं सांगून त्याला ठेवून घेतलं!

त्यांचं 'मी वनवासी' हे आत्मचरित्र आहे, आणि २०१० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला. २०२१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात माईंनी जगाचा निरोप घेतला.

आपण काय करायचं?

आमचं बाभुळगाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा जिल्ह्याच्या शेजारी. हा कपाशीचा मुलूख. कर्जापायी वडिलांनी जीव दिला, अशी घरं इथं आहेत. त्या घरातलं लेकरू तुमच्या बाकावर बसत असेल. त्याला 'बिचारा' म्हणू नका. डबा वाटून खा, खेळायला घ्या, चुकलेला अभ्यास दाखवा.

आणि पालकहो, चौथी-पाचवीनंतर शाळा दुसऱ्या गावी आहे म्हणून मुलीला घरी बसवू नका. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला एसटीचा पास मोफत मिळतो. शाळेत विचारा. वडील किंवा आई गमावलेल्या मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. मुलांनो, एखादं मूल संकटात दिसलं, एखाद्या मैत्रिणीचं लहान वयात लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर आधी तुमच्या बाईंना किंवा सरांना सांगा. १०९८ हा फोन नंबरही पाठ करून ठेवा. तो दिवसरात्र चालतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.