लाकडात बसवलेले लाकूड

म्हैसूरचा अंबाविलास राजवाडा १९१२ साली बांधून पूर्ण झाला. तो पाहायला गेलात तर झुंबरांवरून नजर काढून थोडा वेळ दारांजवळ थांबा. तिथे शिसवाच्या काळसर तपकिरी लाकडात हस्तिदंताचे नाजूक काम जडवलेले आहे. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. जडावकाम मात्र थांबले नाही. आज म्हैसुरात मिळणाऱ्या शिसवी चौकटींमध्ये हत्ती, झाडे, बैलगाड्या, देवदेवता असतात आणि त्यांतले बहुतेक रंग लाकडांचेच असतात. फणसाचा पिवळा, आबनुसाचा काळा, आणि कुठल्याशा फिकट लाकडाचा जवळजवळ पांढरा. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडावर रंग चढवतात, इथे रंग लाकडाच्या आतूनच येतो. मला हे काम हस्तिदंताच्या कामापेक्षा कमी वाटत नाही.

म्हैसूरची पद्धत कष्टाची आहे. कागदावरचे चित्र पातळ फळीवर चिकटवायचे, हातातल्या बारीक पात्याच्या करवतीने एकेक तुकडा कापायचा, मग शिसवाच्या पाटीवर त्या तुकड्याच्या आकाराची खाच कोरायची आणि सरसाने तो तिच्यात बसवायचा. तुकडा आणि खाच वेगवेगळी तयार होतात, म्हणून दोन्ही जुळणे सर्वस्वी हातावर अवलंबून. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात.

दुसरा मार्ग पॅरिसमध्ये सतराव्या शतकात रूढ झाला. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा चौदाव्या लुईच्या दरबारचा फर्निचर-कारागीर. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचे कवच एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदमच कापून घेई. पितळेतून निघालेले फूल कवचाच्या भोकात बसे, कवचातून निघालेले फूल पितळेच्या भोकात. एका कापात दोन नक्षी तयार होत, एक दुसरीच्या उलट रंगाची. खाच कोरायची गरजच उरत नसे. अडचण एकच होती. करवतीचे पाते जाताना स्वतःच्या जाडीएवढा माल खाऊन टाकते, त्यामुळे तुकड्याभोवती बारीक फट राहते. ती रंगीत लांबीने भरावी लागे.

ही फट नाहीशी करायची युक्ती आज घरच्या घरी स्क्रोल सॉवर करता येते. स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर बसवलेली, सुमारे पाच इंच लांबीचे बारीक पाते वरखाली चालवणारी करवत. पाते जागेवर असते आणि आपण लाकूड फिरवतो. त्यामुळे अगदी आखूड वळणही घेता येते. पात्याचे एक टोक सोडवून भोकातून ओवले की कडेला हात न लावता फळीच्या मधला भागही कापता येतो.

आता युक्ती. गडद फळी खाली आणि फिकी वर ठेवून दोन्ही दुहेरी टेपने एकमेकींना पक्क्या चिकटवायच्या. करवतीचे टेबल किंचित कलते करायचे. अशा कलत्या कापात वरच्या फळीतून निघणारा तुकडा बाटलीच्या बुचासारखा खाली निमुळता होतो. तो दाबला की खालच्या फळीच्या भोकात उतरतो आणि नेमका पृष्ठभागाशी येऊन घट्ट बसतो. पात्याने खाल्लेली जागा त्या निमुळतेपणात भरून निघते.

कल किती ठेवायचा, याचे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे. कापाची रुंदी भागिले फळीची जाडी, हे गुणोत्तर ज्या कोनाचे टॅन्जंट, तो कोन. फळ्या ६ मिलिमीटरच्या आणि काप ०.४ मिलिमीटरचा असेल, तर कोन साधारण ४ अंश येतो. फळ्या १२ मिलिमीटरच्या घेतल्या तर २ अंशांच्या आत, ३ मिलिमीटरच्या घेतल्या तर साडेसात अंशांच्या आसपास. तरीही कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण टेबलावरची अंशांची पट्टी एवढी बारकाई दाखवत नाही. रद्दी तुकड्यांवर आधी एक वर्तुळ कापून पाहा. तुकडा वरच अडकला तर कल जास्त झाला, सैल पडून खाली घसरला तर कमी झाला. दोन फळ्या सारख्या जाडीच्या हव्यात आणि कापताना चित्र सतत पात्याच्या उताराकडच्या बाजूला राहायला हवे. दिशा उलटली की तुकडा वरून बसणारच नाही. पाते ओवायचे भोकही त्याच कलाने पाडायचे, एक मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि जागा निवडायची ती पानाच्या टोकाची किंवा एखाद्या कोपऱ्याची, म्हणजे तो ठिपका नजरेत भरत नाही.

इथपर्यंत यंत्राचे काम झाले. कला आहे ती लाकूड निवडण्यात. फणसाचा ताजा पिवळा उजेडाने हळूहळू तपकिरी होत जातो, हे आधीच धरून शेजारचे लाकूड निवडावे. पानासाठी रेषा देठाकडून टोकाकडे धावणारा भाग शोधावा, पाण्यासाठी लहरी उमटलेला. मी डाय लावलेल्या लाकडाच्या ठाम विरोधात आहे. डाय उडतो आणि पसरतो. लाकूड पुरते वाळलेलेही हवे. पावसाळ्यात दारे फुगतात त्याच कारणाने ओल्या फळीतले जडावकाम उन्हाळ्यात सैल पडते. शेवटची घासाई करताना शिसवाची काळी भुकटी शेजारच्या फिक्या लाकडात शिरून ते मळकट करते. म्हणून पॉलिश पेपरने रगडण्यापेक्षा पोलादी पत्र्याच्या धारेने खरवडणे चांगले, आणि मग लाखेच्या पॉलिशचा पातळ हात. तोंडाला मास्क विसरू नये. शिसवाच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी असते.

भेट म्हणून काय करावे? डबीचे झाकण, दारावरची पाटी, हळदीकुंकवाचा करंडा. पाटीवर नाव जडवायचे तर देवनागरीचा एक मोठा फायदा आहे. शिरोरेषेमुळे अख्खे नाव एकसंध तुकडा म्हणून कापता येते, रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे होते. मात्र ‘व’, ‘क’, ‘ब’ यांच्या पोटातली पोकळी म्हणजे पाटीच्याच लाकडाचे छोटे बेट, आणि ते दुसऱ्या फेरीत वेगळे जडवावे लागते. अनुस्वाराचेही तसेच. म्हणून पहिल्या पाटीला ‘गीता’ सोपी, ‘वैभव’ कठीण. परदेशातल्या नातेवाइकांना काही पाठवायचे असेल तर आधी नियम पाहून घ्या. शिसवाच्या जातकुळीतली जवळजवळ सगळी झाडे २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

यंत्र घ्यायची घाई करू नका. हातात धरायची फ्रेट सॉ आणि थोडी बारीक पाती यांवरही हे काम शिकता येते, म्हैसूरचे कारागीर बहुतांशी ते हातानेच करत आले आहेत. गावातल्या लाकडाच्या वखारीत किंवा ओळखीच्या सुताराकडे जा, सागवान, शिसव, फणस यांचे उरलेले तुकडे मागा, आणि या रविवारी एक साधे पान कापून बघा.