‘कमी खा, जास्त जगा’: पण कशाच्या तुलनेत?

वृद्धत्वावर संशोधन करायचं ठरवलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या संशोधन आराखड्याचं पहिलं पान उघडा. तिथे बहुतेक असं एखादं वाक्य सापडेल: ‘आहारातील उष्मांक कमी केल्यास सजीवांचे आयुर्मान वाढते, हे सिद्ध झाले आहे.’ त्याच्यामागे मायटोकॉन्ड्रिया, एएमपीके, एमटॉर, एनएडी अशी नावं रांगेत उभी असतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. मुलाखतीत समोरून ‘कशाच्या तुलनेत वाढते?’ एवढंच कुणी विचारलं, की इथेच गाडी अडते.

हा प्रश्न खवचटपणाचा नाही. या क्षेत्रातले दोन सगळ्यात दीर्घ प्रयोग एकमेकांच्या विरुद्ध उत्तरं देऊन बसले होते आणि तो गुंता सुटला तो याच प्रश्नाने. आज तीच गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना कमी उष्मांकांचा पण पोषक घटकांनी पुरेसा आहार दिला, ते उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. उष्मांक-कपात म्हणजे उपासमार नव्हे. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार पुरेसे ठेवायचे आणि एकूण ऊर्जा कमी करायची, असा त्याचा अर्थ.

पुढे यीस्ट, कृमी, फळमाशी, उंदीर अशा अनेक सजीवांत असेच परिणाम दिसले. मग प्रश्न आला, हे होतं कसं? पेशीतली ऊर्जा एटीपीच्या रूपात खर्च होते आणि ते बनवण्याचं मोठं काम मायटोकॉन्ड्रियात चालतं. इंधन कमी पडलं की एटीपीच्या तुलनेत एएमपीचं प्रमाण वाढतं आणि एएमपीके नावाचं विकर जागं होतं. दुसरीकडे इन्शुलिन आणि अमिनो आम्लं कमी झाली की एमटॉर हा वाढीचा मुख्य स्विच मंदावतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो: पेशी नवं बांधकाम थांबवते आणि डागडुजीला लागते.

पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याच्या घरात काय होतं, ते आठवा. नवी खोली काढायचा बेत पुढे ढकलला जातो, आहे ते छप्पर शाकारलं जातं, अडगळीतलं लोखंड मोडीत निघतं. पेशीसुद्धा आपली खराब झालेली प्रथिनं आणि मायटोकॉन्ड्रिया मोडून त्यातला माल पुन्हा वापरते. याला स्वभक्षण, म्हणजे ऑटोफॅजी म्हणतात. यातली यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

इथपर्यंत सगळं छान जुळतं. आणि इथेच सावध व्हायला हवं. यंत्रणा पटण्यासारखी आहे म्हणून परिणाम खरा ठरत नाही.

दोन प्रयोग, दोन उत्तरं

उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. माणसाबद्दल बोलायचं तर जवळचा प्राणी हवा. म्हणून अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर काम सुरू झालं. उत्तर भारतात देवळांजवळ, स्टेशनांवर दिसणारं लाल तोंडाचं माकड ते हेच. १९८७ मध्ये राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने आपला प्रयोग सुरू केला आणि १९८९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने. दोघांचंही उद्दिष्ट सुमारे ३० टक्के कपातीचं.

२००९ मध्ये विस्कॉन्सिनचा निकाल ‘सायन्स’मध्ये आला. एकूण ७६ माकडं, प्रत्येक गटात ३८. तोवर कंट्रोल गटातली १४ माकडं वयाशी निगडित कारणांनी मेली होती, तर कपात गटातली ५. जगभर बातम्या झाल्या.

२०१२ मध्ये राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचा निकाल ‘नेचर’मध्ये आला. इथे १२१ माकडं होती. कपात गटात आरोग्याचे काही फायदे दिसले, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पुन्हा बातम्या झाल्या, आता उलट्या.

समजा, तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहिताय. बहुतेक जण इथे लिहितात, ‘या विषयावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत’, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. तसं करू नका. दोन्ही पेपरांचा ‘पद्धती’ हा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचा. खरी बातमी तिथे आहे.

कंट्रोल गटाच्या ताटात काय होतं?

विस्कॉन्सिनमध्ये कंट्रोल माकडांना दिवसभर हवं तेवढं खायची मुभा होती. त्यांचं खाद्य शुद्ध केलेल्या घटकांपासून बनवलेलं होतं आणि त्यात जवळपास २८.५ टक्के साखर होती. बरीचशी कंट्रोल माकडं जाड झाली, काहींना मधुमेह झाला.

दुसऱ्या प्रयोगात खाद्य गहू, मका, सोयाबीन, मासळी अशा नैसर्गिक घटकांचं होतं आणि साखर ४ टक्क्यांहून कमी. शिवाय कंट्रोल माकडांनाही मोजूनमापून खायला मिळायचं, लठ्ठ होऊ नयेत म्हणून वय आणि वजनाप्रमाणे.

आता आपला प्रश्न विचारा. विस्कॉन्सिनमध्ये तुलना होती ‘गोड खाऊन सुटलेल्या’ माकडांशी. दुसरीकडे तुलना होती ‘आधीच बेताने खाणाऱ्या’ माकडांशी. म्हणजे ‘३० टक्के कपात’ हे शब्द दोन्हीकडे सारखे असले, तरी ती कपात ज्याच्यातून केली ते मूळ माप वेगळं होतं.

फरक आणखीही होते. विस्कॉन्सिनमध्ये सगळी माकडं भारतीय वंशाची आणि प्रौढ वयात प्रयोगात आलेली. दुसरीकडे भारतीय आणि चिनी अशा दोन्ही वंशांची माकडं, काही अगदी लहान वयात तर काही म्हातारपणी घेतलेली. एका निकालावरून दुसऱ्याला खोटं ठरवायला या दोन गोष्टी मुळात एकसारख्या नव्हत्याच.

मग खरं उत्तर काय?

२०१४ मध्ये विस्कॉन्सिनने जास्त काळाची आकडेवारी दिली. २००९ मध्ये सर्व कारणांचे मृत्यू एकत्र धरले तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नव्हता. आता तोही टिकला. मग २०१७ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र बसून आपापली आकडेवारी ताडून पाहिली आणि संयुक्त पेपर लिहिला. ‘माझं बरोबर की तुझं’ हा वाद त्यांनी ‘आपल्यात नेमकं वेगळं काय होतं’ या प्रश्नाकडे नेला. संशोधक म्हणून यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

निष्कर्ष थोडक्यात असा: प्रौढ आणि उतारवयातल्या माकडांना कपातीचा फायदा होऊ शकतो; लहान वयात सुरू केलेल्या कपातीचा तसा फायदा दिसला नाही. आणि दुसऱ्या प्रयोगातली कंट्रोल माकडं मुळातच कमी खात होती, त्यामुळे काही गटांत कपात आणि कंट्रोल यांच्यातलं अंतर फारच थोडं राहिलं.

हाच चष्मा बाकीच्या निकालांना लावा

उंदरांपासून सुरुवात करू. प्रयोगशाळेतला कंट्रोल उंदीर लहानशा पिंजऱ्यात राहतो, हालचाल कमी, खाणं चोवीस तास समोर. असा उंदीर निरोगी मानायचा का, हा आक्षेप २०१० मध्येच एका गाजलेल्या पेपरने घेतला होता.

दुसरं, वाण. २०१० मध्येच उंदरांच्या ४१ वाणांवर ४० टक्के कपात करून पाहिली, तेव्हा आयुष्य वाढलेल्या वाणांपेक्षा घटलेले वाण जास्त निघाले. म्हणजे ‘उंदरांत आयुष्य वाढतं’ हेही सरसकट म्हणता येत नाही.

तिसरं, वेळ. कपात गटातल्या उंदराला दिवसातून एकदा खाणं दिलं, की तो ते भराभर संपवतो आणि उरलेला वेळ उपाशी राहतो. मग परिणाम कमी उष्मांकांचा की उपवासाचा? २०२२ च्या एका प्रयोगात ३० टक्के कपात चोवीस तासांत विभागून दिली तेव्हा आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी वाढलं. तीच कपात उंदरांच्या जागेपणी, म्हणजे रात्री दिली तेव्हा सुमारे ३५ टक्क्यांनी. हे गणित ‘किती’ एवढ्यावर संपत नाही. ‘काय’ आणि ‘कधी’ हेही त्यात येतात.

आता माणूस. कॅलेरी या चाचणीत लठ्ठ नसलेल्या दोनशेहून थोड्या जास्त लोकांना दोन वर्षं सहभागी केलं होतं. उद्दिष्ट २५ टक्के कपातीचं. प्रत्यक्षात सरासरी साधली सुमारे १२ टक्के. दोन वर्षांत आयुर्मान मोजता येत नाही, म्हणून रक्तातल्या डीएनएवरच्या खुणांवरून वृद्धत्वाचा वेग अजमावला. डुनेडिनपेस या मापाने वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावलेला दिसला. फेनोएज आणि ग्रिमएज या मापांनी फरक दिसला नाही. इथे ‘कशाच्या तुलनेत’ला जोडप्रश्न येतो: ‘कशाने मोजून?’

औषधांचंही तेच. अमेरिकेत आयटीपी नावाचा कार्यक्रम एकच पदार्थ तीन वेगवेगळ्या केंद्रांत, जनुकीय विविधता असलेल्या उंदरांवर तपासतो. एमटॉर मंदावणारं रापामायसिन तिथे टिकलं. ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना देऊनही आयुष्य वाढलं. पण खूप गाजावाजा झालेल्या रेस्व्हेराट्रॉलने तिथे आयुष्य वाढलं नाही. एनएडी वाढवणाऱ्या निकोटिनामाइड रायबोसाइडनेही नाही. एनएडी वाढवण्याच्या नावाखाली महागड्या गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात आणि घरातलं विज्ञान शिकलेलं माणूस म्हणून सल्ला तुम्हालाच विचारला जातो. साखरेच्या गोळ्या घेणारे काका ‘मी पण सोळा तास उपास करू का?’ असं विचारतात, तेव्हा माकडांचा पेपर अर्धवट वाचून ‘करा’ म्हणणं धोक्याचं आहे. औषध चालू असताना रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांना डॉक्टरांकडेच पाठवा.

तुमच्या आराखड्यासाठी

पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी चार गोष्टी वहीत लिहून काढा. कंट्रोल गटाला काय, किती आणि कधी दिलं? त्यांचं वजन आणि तब्येत कशी होती? प्रयोग कोणत्या वयात, कोणत्या लिंगावर, कोणत्या वाणावर सुरू झाला? आणि शेवटी मोजलं काय: मृत्यू, आजार की नुसती एखादी खूण?

मग पहिल्या पानावरचं ते वाक्य पुन्हा लिहा. उदाहरणार्थ: ‘प्रौढ ऱ्हीसस माकडांत, हवे तितके खाणाऱ्या कंट्रोल गटाच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के उष्मांक-कपातीने वयाशी निगडित मृत्यू कमी झाले, मात्र मोजून आहार दिलेल्या कंट्रोल गटाच्या तुलनेत आयुर्मानात असा फरक दिसला नाही.’ वाक्य लांबलं, रुबाब थोडा कमी झाला. पण आता त्यातूनच तुमचा संशोधन प्रश्न निघतो: कंट्रोल गट निरोगी असेल, तर कपातीचा किती फायदा उरतो आणि तो पेशीच्या कोणत्या यंत्रणेतून येतो? ‘सिद्ध झाले आहे’ म्हटलं असतं, तर तुम्हाला करायला काही उरलंच नसतं.