घरची बोली, शाळेची भाषा: लेकरू दोन्ही शिकतं

आज आपण बोलणार आहोत लहान लेकरांच्या बोलण्याविषयी.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एक सून गप्प बसलेली. विचारलं तर म्हणाली, "पोरगं दोन वर्षांचं झालं. त्याला इंग्रजी शाळेत घालायचंय. म्हणून आत्याबाईंना सांगितलं, त्याच्याशी आपल्या बोलीत बोलू नका. मला इंग्रजी चार शब्दांपुढं येत नाही. आता आत्याबाई गप्प, मी गप्प, अन् पोरगंही गप्प."

हे ऐकून आम्ही सगळ्याच चपापलो. कारण आपल्या राजूरच्या आजूबाजूला घरोघरी हेच चाललंय. घरात महादेव कोळ्यांची किंवा ठाकरांची बोली, अंगणवाडीत पुस्तकी मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी. आईला वाटतं, एवढ्या भाषांनी लेकरू गोंधळेल.

गोंधळत नाही. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतातून गेलेली खूप कुटुंबं राहतात. तिथं घरी आपली भाषा आणि बाहेर जपानी ऐकत लेकरं वाढतात. दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही, असं अभ्यासकही सांगतात. लेकरू "मला वॉटर दे" म्हणालं तर ती चूक नाही. जो शब्द आधी हाताशी आला, तो त्यानं वापरला. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. बोलीतले तीस आणि मराठीतले वीस, तर त्याच्याकडं पन्नास शब्द आहेत.

लेकरू भाषा शिकतं ती माणसाशी बोलून. ज्या भाषेत आपण हसतो, रागावतो, गोष्ट सांगतो, तीच आपण त्याला भरभरून देऊ शकतो. तिचा पाया पक्का असला की दुसरी भाषा त्यावर चढते. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं म्हटलंय.

मग करायचं काय?

भाकरी थापताना, शेळ्या सोडताना लेकराशी बोलत राहा. "बघ, पीठ मळलं, आता तवा तापला." त्यानं "पानी" म्हटलं की, "हां, तहान लागली का तुला? घे पाणी," असं वाक्य पुरं करून द्या. चुकलं म्हणून हसू नका. आजी-आजोबांनी आपल्याच बोलीत बोलावं. अंगणवाडीच्या ताईला लेकराचे नेहमीचे आठ-दहा शब्द सांगून ठेवा, म्हणजे ते काय मागतंय हे तिला कळेल. मोबाइल बोलतो, पण लेकराचं ऐकत नाही. दोन वर्षांच्या आत तो हातात न दिलेलाच बरा, आणि पुढंही तासाभरापेक्षा जास्त नको.

एक मात्र ध्यानात ठेवा. आवाजाकडं वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "आई ये" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर दोन भाषांवर ढकलून वाट बघू नका. आशाताईला सांगा, दवाखान्यात कान तपासून घ्या. अंगणवाडीत लेकरं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, त्यांनाही दाखवा.

आणि बोली गेली तर नुसते शब्द जात नाहीत. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्यांची, रानभाज्यांची, पाऊसपाण्याची जाण आपल्या म्हाताऱ्या माणसांकडं आहे, ती त्यांच्या बोलीत आहे. नातवाला आजीचं बोलणंच कळलं नाही, तर ती त्याच्यापर्यंत पोचणार कशी?

त्या सुनेनं घरी जाऊन आत्याबाईंना एवढंच सांगितलं, "माझं चुकलं, तुम्ही बोला त्याच्याशी." परवाच्या मीटिंगला ती नातू आणि आजी दोघांनाही घेऊन आली. पोरगं अजून थोडंच बोलतं. पण आजीच्या मांडीवर बसून तिच्या तोंडाकडं बघत होतं, अन् आजीची गोष्ट काही संपत नव्हती.

आज रात्री तुमच्याही घरी एक गोष्ट होऊ द्या. आपल्या बोलीत.