पिल्लू दाणा टिपत नसेल तर आधी ऊब बघा

आज आम्ही आमच्याच चुकीची गोष्ट सांगणार आहोत. ती चूक आम्हाला महागात पडली. तुम्हाला पडू नये, म्हणून सांगतोय.

आमच्या गटातल्या अकराजणींनी बचतीतून कर्ज काढलं आणि एक दिवसाची १०० पिल्लं आणली. दिवस थंडीचे होते. खोली झाडून घेतली, चुना मारला, खाली भाताचं तूस पसरलं, वर दोन बल्ब लावले. उजेड लख्ख पडला. चांगल्यातलं खाद्य भांडी भरून ठेवलं. तरी पिल्लं काही खाईनात. कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायची आणि सारखी चिवचिवाट करायची. आम्हाला वाटलं, खाद्य आवडलं नसेल. ते बदललं. मग दुकानातून टॉनिक आणलं. एकीने तर पिल्लांच्या चोचीत पीठ कोंबून पाहिलं.

पहिले तीन दिवस दोन-चारच पिल्लं गेली. चौथ्या दिवसापासून मात्र रोज सकाळी टोपलीभर मेलेली पिल्लं उचलावी लागली. आठवड्यात ३७ पिल्लं गेली. कर्जाचा पहिला हप्ता अजून भरायचा होता.

मग शेजारच्या गावच्या पशुसखी ताई आल्या. त्यांनी खाद्याकडे पाहिलंच नाही. आधी बल्बखाली हात धरला आणि विचारलं, "हे बल्ब कसले गं?"

आम्ही म्हटलं, "एलईडी. वीज कमी खातात."

ताई म्हणाल्या, "उजेड देतात, पण ऊब देत नाहीत. तुमची पिल्लं उपाशी का राहिली? गारठली म्हणून."

ताईंनी समजावलं ते असं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. पहिले काही दिवस त्याला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. सरडा नाही का, सकाळी कुंपणावर उन्हाला येऊन बसतो आणि अंग तापल्यावरच किड्यामागे धावतो? लहान पिल्लाचंही तसंच. बाहेर ऊब असेल तरच ते हिंडतं, पाणी पितं, दाणा टिपतं. गारठलं की जागचं हलत नाही. खुडूक कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते ती यासाठीच. आपण विकत आणलेल्या पिल्लांना आई नसते. ती ऊब आपण द्यायची.

मग पिल्लं पहिल्याच दिवशी का मेली नाहीत? अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. ही शिदोरी संपेपर्यंत पिल्लू खायला शिकलं नाही, तर ते चौथ्या-पाचव्या दिवशी जातं. म्हणजे चौथ्या दिवशी मेलेल्या पिल्लाची चूक बहुतेकदा पहिल्या रात्रीच झालेली असते. आम्ही मात्र चौथ्या दिवशी औषध शोधत बसलो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. औषधाचा विचार त्यानंतर.

ऊब कशी द्यायची? पिल्लं येण्याआधी काही तास खोली तापवून ठेवा. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल आडोसा करा. गोलच करा, कारण कोपरा मिळाला की पिल्लं तिथे गर्दी करतात आणि खालची गुदमरतात. १०० पिल्लांना सुरुवातीला सहा फूट रुंदीचा गोल पुरतो. तीन-चार दिवसांनी तो वाढवत न्या. आत दोन इंच तूस पसरा. तारेचे जुने पिवळे बल्ब लावा, एका पिल्लामागे साधारण दोन वॅट. १०० पिल्लांना १०० वॅटचे दोन बल्ब, जमिनीपासून दीड फुटावर टांगलेले.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जा. बल्ब थोडा वर घेतला की झालं. तापमापक नसेल तरी अडत नाही, कारण पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बापासून लांब, कडेला, चोच उघडून धापा टाकत असतील, तर उष्णता जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारं येतंय. तिथे गोणपाट लावा. गोलभर पसरून काही खातात, काही झोपलीत, आवाज बारीक आहे, असं दिसलं की ऊब बरोबर आहे. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहा. गार लागले तर पिल्लू गारठलंय.

वीज जाते तेव्हा काय करायचं? गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून गोलात ठेवा आणि पाणी निवलं की बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून जाऊ नका. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो. त्याने पिल्लं मरतात आणि माणसालाही धोका असतो. कितीही थंडी असली तरी वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा.

आता पाणी. प्रवासातून आलेलं पिल्लू तहानलेलं असतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवा. एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच त्या पाण्यात टेकवा आणि मग सोडा. एकदा चव कळली की पिल्लू आपलं आपण पितं. गुळाचं पाणी पहिल्या काही तासांपुरतंच, नंतर साधं स्वच्छ पाणी. भांडं उथळ असावं आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू भिजत नाही. भिजलेलं पिल्लू लगेच गारठतं.

पाणी प्यायल्यावर दाणा. पहिले दोन-तीन दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरा आणि त्यावर मक्याचा बारीक भरडा भुरभुरवा. भांड्यातलं खाद्य पिल्लाला लवकर सापडत नाही. पायाखालचा दाणा मात्र ते टिपतं. कागद नसेल तर ते तूसच खात बसतं. बोटाने कागदावर टकटक केली की पिल्लं धावत येतात, कारण कोंबडीही अशीच चोच आपटून दाखवते. मग हळूहळू पिल्लांचं तयार खाद्य उथळ भांड्यात द्या. एकदम ढीग घालू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं ताजं घाला. चोचीत मात्र काहीही कोंबू नका. श्वासनळीत गेलं तर पिल्लू तिथेच मरतं.

पिल्लं खरंच खाताहेत का, हे रात्री तपासा. वेगवेगळ्या जागची दहा पिल्लं हातात घ्या. गळ्याच्या खाली, छातीच्या वर दाण्याची पिशवी असते. ती मऊ आणि भरलेली लागली, तर पिल्लू खाऊन-पिऊन आहे. कडक लागली, तर दाणा खाल्लाय पण पाणी कमी पडलंय. रिकामी लागली, तर पुन्हा पहिल्यापासून: ऊब, पाणी, दाणा.

हे सगळं बरोबर असूनही एखादं पिल्लू खात नसेल, तर त्याला वेगळं ठेवा आणि नीट पाहा. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून अलगद काढा आणि पिल्लू कोरडं करून उबेत ठेवा. बेंबी ओली, पोट फुगलेलं, वास येतोय; विष्ठेत रक्त दिसतंय; मान वाकडी होतेय; किंवा एकदम बरीच पिल्लं मरताहेत, असं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. ती डॉक्टरांना विचारून निरोगी पिल्लांनाच द्या.

पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा १०० पिल्लं आणली. खाद्य तेच, खोली तीच. बदलले ते बल्ब. आणि पहिल्या दोन रात्री आम्ही पाळीपाळीने जागलो. त्या खेपेला चार पिल्लं गेली. दोन्ही खेपांचं कर्ज आता फिटलंय.

आमच्या गटातल्या आक्का म्हणतात, "अगं, बाळंतिणीच्या खोलीत आपण आधी शेक बघतो. मग हे कसं सुचलं नाही?" खरंच सुचलं नव्हतं. तुमच्या गटात कुणी पिल्लं आणणार असेल, तर तिला हे आजच सांगा. आणि पिल्लांची टोपली घरात यायच्या आधी बल्बखाली एकदा हात धरून बघा.